हाताला सोसेल एवढीच ऊब

आमच्या यांच्याबद्दल कुणी विचारलं की मी आधीच सांगून टाकते, माणूस चांगला आहे पण हट्टी आहे. आणि हट्ट कशाचा, तर मधाचा. बाजारात यांना सगळे 'कच्चे काका' म्हणतात. दुकानात, रस्त्यात, दवाखान्याच्या रांगेत, जिथे दोन माणसं भेटतील तिथे यांचं एकच पुराण सुरू: मध कच्चाच खायचा, तापवायचा नाही. ऐकणारा कंटाळून निघून गेला तरी हे त्याच्या पाठीला सांगत राहतात.

आम्ही राहतो ते उंचावर. भर उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी स्वेटर लागतो, आणि थंडीत नळाचं पाणी बोटांना चावतं. अशा हवेत मध पातळ राहतच नाही. बरणीत भरला की थोड्याच दिवसांत गोठलेल्या तुपासारखा पांढरा, दाणेदार होऊन बसतो. गिऱ्हाईक बरणी उलटी करून बघतं, मध काही हलत नाही, की झालं! "काका, साखर घातलीत वाटतं यात!" दुसरा कुणी असता तर पातेल्यात पाणी उकळून बरण्या त्यात उभ्या केल्या असत्या, चहा होईपर्यंत मध कसा चकचकीत झाला असता. बाजारातला वाणी कधीचा सांगतोय, तापवून द्या, दुप्पट खपेल. पण हे ऐकतील तर शपथ. "पोळ्यात असते तेवढीच ऊब मधाला द्यायची. हाताला सोसेल एवढीच. त्याच्यावर गेलात की वास मेला, चव मेली, उरला तो नुसता पाक."

मग करतात काय? ज्याला पातळच हवा त्याची बरणी मफलरमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन बसतात, दोन्ही तळव्यांत धरून, दुपारभर. थंडी फार असली की बरणी पांघरुणात, पोटाशी. लग्न होऊन आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी पांघरूण ओढलं तर हाताला ही गारढोण बरणी! मी म्हटलं, "आणि बायकोनं कुठे झोपायचं?" तर म्हणाले, "पलीकडून ये." तेव्हापासून माझा या बरण्यांवर दात आहे.

माश्यांवर तर त्याहून मोठा. घरात आले त्याच आठवड्यात एक माशी पापणीला चावली. नवी नवरी बघायला शेजारणी आल्या होत्या, त्यांना मी एका डोळ्याने चहा दिला. त्याच दिवशी सांगून टाकलं, मध गाळीन, बरण्या धुवीन, चिठ्ठ्या चिकटवीन, पण पेटीच्या जवळ पाऊल टाकणार नाही. हे म्हणाले, बरं. आणि खरंच, इतक्या वर्षांत एकदाही 'चल' म्हणाले नाहीत.

आमच्या झोपायच्या खोलीला एक मोठी काचेची खिडकी आहे. खिडकीबाहेर अंगण, अंगणात सपाट दगडांची रांग आणि प्रत्येक दगडावर एक निळी मधपेटी. माझा सगळा संसार या खिडकीतून बघण्यात गेला. धुराचा भाता घेऊन हे पेटीपाशी बसायचे, हातमोजे नाहीत, काही नाही. झाकण असं उचलायचे की जणू आत बाळ झोपलंय. पोळ्याची चौकट उन्हात धरून बघायचे. घरं मेणाने पुरती बंद झालेली दिसली तरच ती चौकट घरात आणायची, नाहीतर परत आत. घाई केली तर मध आंबतो म्हणे. मग सुरीने मेणाचा पापुद्रा काढायचा, यंत्रात चौकट फिरवायची, कापडातून गाळायचं, संपलं. आणि हे सगळं करताना तोंड चालू. माझ्याशी दिवसभरात चार शब्द, माश्यांशी चारशे. मी काचेवर टकटक करून जेवायला बोलवायची, तर हे हाताने थांब म्हणायचे. राणीसाहेबांशी बोलणं चाललेलं असायचं ना.

अशातच दोन वर्षांमागे, थंडी नुकती पडायला लागली होती, यांना मानेवर माशी चावली. चावली तर चावली, रोजचंच. मी आत बरण्या पुसत होते. खिडकीवर धप्प झालं म्हणून बघितलं तर हे काचेला टेकून खाली घसरत होते. ओठ निळे, चेहरा ओळखू येऊ नये एवढा सुजलेला. नशीब की माझा धाकटा भाऊ दुधाची गाडी घेऊन दारातच आला होता. त्याने यांना उचललं, कॅनच्या मध्ये आडवं घातलं आणि गाडी खालच्या गावातल्या हॉस्पिटलात नेली.

वाचले. पण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. "इतकी वर्षं अंगाने सोसलं, आता अंगाने बंड केलंय. पुन्हा माशी चावली आणि इथे पोचायला उशीर झाला, तर मी काही करू शकणार नाही." घरी ठेवायला एक इंजेक्शन दिलं, कसं टोचायचं तेही दाखवलं. मी मान हलवत होते आणि डोळ्यांसमोर ती निळ्या पेट्यांची रांग दिसत होती, खिडकीपासून दोन हातांवर.

यांना आणखी एक दिवस ठेवून घेतलं. भाऊ म्हणाला, "ताई, भावोजी घरी यायच्या आत पेट्या हलवून टाकू." हा दुधाची गाडी चालवतो, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू कुठेही नेणं हे आपलंच काम, अशी याची समजूत. त्याने लगोलग गिऱ्हाईकही शोधलं. एक मधवाला आठवड्याच्या शेवटी येऊन सगळ्या पेट्या विकत नेणार होता. तोवर त्या अंगणात नकोत म्हणून आम्ही दोघांनी, अंधार पडताना माश्या आत गेल्यावर, पेट्यांच्या दारांत चिंध्या कोंबल्या आणि एकेक पेटी उचलून शेडच्या मागे, सफरचंदाच्या झाडांपलीकडे नेऊन ठेवली. चिंध्या कोंबायच्या हे मला खिडकीतून बघून ठाऊक होतं. माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला होता, पण एकही चावली नाही. सकाळी भावाने चिंध्या ओढून काढल्या आणि असा पळत आला की एक चप्पल तिथेच राहिली. अंगण रिकामं झालं. माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी हे घरी आले. खिडकीशी गेले आणि नुसते उभे राहिले. मी मनाची तयारी केलीच होती. "विकायच्यात," म्हटलं, "डॉक्टरांनी मला सांगितलं तेच तुम्हालाही सांगितलंय." हे रिकाम्या दगडांकडेच बघत होते. मग हळूच विचारलं, "नेल्यात कुठे?"

"शेडच्या मागे. झाडांपलीकडे."

यांनी माझ्याकडे वळून बघितलं. रागाने नाही. राग मला चालला असता.

"अगं, पेटी हलवायची तर हातभर हलवायची, नाहीतर कोसभर," म्हणाले. "मधलं अंतर माशीला कळत नाही. तिला पेटी पाठ नसते, जागा पाठ असते. बाहेर पडतात आणि परत इथेच येतात."

मी खिडकीबाहेर बघितलं. रिकाम्या दगडांवर हवेत नुसतं काळं गरगरत होतं. सकाळपासून मी ते बघत होते आणि मला वाटत होतं, असतील चार चुकार. चार कसल्या! झाडांपलीकडे घर ठेवून सगळा गाव इथे परतला होता, आणि इथे घर नव्हतं.

"मग आता?"

"आता ऊन उतरेल. दगड गार पडतील. गारठली की माशीला उडता येत नाही. सकाळपर्यंत सगळ्या मेलेल्या असतील." यांनी काचेवर तळवा टेकवला. "याच माश्या हिवाळा काढणार होत्या. या गेल्या की आतल्या राणीला ऊब द्यायला कुणी नाही. पेट्या संपल्या."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! आम्ही दोन शहाणी, बहीण-भाऊ. संध्याकाळ झाली तसं ते गरगरणं खाली उतरलं. प्रत्येक दगडावर मूठमूठभर माश्या एकमेकींना बिलगून बसल्या. यांनी कोट चढवला. मी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली.

"मरतायत गं त्या."

"मरू देत! तुम्ही मेलात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? माश्यांच्या?"

माझा आवाज शेजारी ऐकू गेला असेल. हे भांडले नाहीत. भांडले असते तर मी जन्मात ऐकलं नसतं. हे गेले, खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि काचेला कपाळ टेकवून बसले. हॉस्पिटलातून आलेला माणूस, मानेवर अजून सूज, आणि पाठ अशी वाकलेली की दोन दिवसांत म्हातारा झालाय. मला एकदम कळलं की मी याला वाचवून घरी आणलाय खरा, पण हा असाच खिडकीत बसून राहणार आहे.

मी खुंटीवरचा यांचा जाड डगला काढला, जाळीची टोपी घातली. आत धुराचा, मेणाचा, यांचा वास. "काय करायचं ते काचेतून सांगा," म्हटलं, "आणि खिडकी उघडलीत तर बघा."

भाऊ औषधं घेऊन तेवढ्यात आला होता. त्याला म्हटलं, चल. तो म्हणाला, "ताई, मी गाडीत बसून दिवे लावतो." काचा वर करून बसला लेकाचा. दिवे मात्र लावले.

मग जे झालं ते बघायला माझी सुजलेली पापणी बघून गेलेल्या त्या शेजारणी हव्या होत्या. मी अंगणात, हे आत, मध्ये काच, आणि दोघंही ओरडतोय.

"पीस घे! पिसाने लोट! अगं हळू, भांडी घासतेयस का?"

"मला ऐकू येतंय, ओरडू नका!"

"तोंड लांब ठेव! श्वास लागला की चिडतात!"

"मग श्वास काय बाजारात जाऊन घेऊ?"

यांनी सांगितलं तशी मी शेडमधून एक रिकामी पेटी आणली, तिच्यात जुनं पोळं घातलं आणि मधल्या दगडावर ठेवली. ज्यांच्यात अजून चालायचं बळ होतं त्या पोळ्याच्या वासाने आपणहून रांग लावून आत शिरायला लागल्या. मी तोंडात बोट घालायचंच बाकी होतं, जाळी होती म्हणून घातलं नाही. पण कडेच्या दगडांवरच्या हलतच नव्हत्या. पिसाने लोटल्या तर खडे घरंगळावेत तशा पडायच्या. मी काचेकडे बघून हात हलवला, गेल्या या.

आतून टकटक झाली. "गेल्या नाहीत. गारठल्यात. बरणीत भर आणि आत आण."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"काचेतून माशी चावत नाही. तोंडाला कापड बांध, दोरी आवळ. आण."

मी मधाच्या रिकाम्या बरण्यांत त्या निपचित माश्या भरल्या, कापड बांधलं, दोरीच्या दोन-दोन गाठी मारल्या. डगला बाहेर काढून झटकला, केस झटकले, अंगावर एकही नाही याची तीनतीनदा खात्री केली आणि आत गेले. इंजेक्शन उशाशी काढून ठेवलं. "शेगडीजवळ ठेवू?" विचारलं.

"नको नको. तेवढी ऊब मारेल त्यांना. हाताला सोसेल एवढीच." यांनी एक बरणी दोन्ही तळव्यांत घेतली आणि दुसरी माझ्यापुढे केली. "धर. चोळायची नाही, हलवायची नाही. नुसती धरून ठेव."

आम्ही पलंगाच्या काठावर बसलो, दोघं नवराबायको, हातात मेलेल्या माश्यांची एकेक बरणी. कितीतरी वेळ काही झालं नाही. मी म्हणणार होते की पुरे आता, तेवढ्यात माझ्या बरणीत एक पाय हलला. एवढासा, केसाएवढा पाय. मग दुसरा. एक माशी उताणी होती ती उलटली आणि दुसरीच्या अंगावर चढली. आणि मग माझ्या तळव्याला कळलं, काच थरथरत होती. आधी आवाज नव्हताच, नुसतं हाताला कळत होतं. मग आवाज आला.

यांनी आपली बरणी कानाला लावली होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. मी माझ्या बाहीने पुसलं. आयुष्यभर मी या माणसाला मधाची बरणी घेऊन बसलेला बघितला आणि हसले. त्या दिवशी पहिल्यांदा मीही तशीच बरणी धरून बसले होते.

जागी झालेली प्रत्येक बरणी मी बाहेर नेली, झाडांपलीकडे पेटीच्या दाराशी ओतली, आणि गारठलेल्यांची दुसरी भरून आणली. भाऊ दिवे लावून गाडीतून मोठ्याने धीर देत होता. मधल्या दगडावरची पेटी भरल्यावर मात्र मी त्याला बाहेर ओढला आणि आम्ही दोघांनी ती उचलून झाडांपलीकडे नेली. त्याच्या नाकाला एक चावलीच. मला काही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येक पेटीच्या दारापुढे पानांची डहाळी उभी केली. बाहेर पडणारी माशी डहाळीला अडखळते, थबकते, आपलं दार वळून वळून बघते आणि नवी जागा पाठ करते. तरी काही जुन्या सवयीच्या रोज संध्याकाळी दगडांवर यायच्याच. मी रोज बरणी घेऊन जायची. रोज कमी भरायची. आठवड्याच्या शेवटी दगड रिकामे राहिले.

त्याच दिवशी तो मधवाला पेट्या न्यायला आला. भावाने आधीच भाव ठरवून त्याला मधाचं बोट लावून ठेवलेलं. हे खिडकीशी बसले होते. निवाडा माझ्यावर सोडला होता. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "पेट्या विकायच्या नाहीत."

"मग बघणार कोण?" त्याने विचारलं.

"मी," म्हटलं. मागे खुर्ची करकरली. मी वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर रडले असते, आणि परक्या माणसासमोर मी रडत नाही.

आता पेट्या झाडांपलीकडेच असतात. खिडकीतून तिकडचं काही दिसत नाही म्हणून यांनी भावाला सांगून मधली दोन झाडं छाटून घेतली. खिडकीत बसून हे दुर्बिणीतून माझ्यावर नजर ठेवतात. हात वर केला की थांब, खाली केला की चौकट ठेव. धूर जास्त दिला की काचेवर बुक्क्या. पहिल्या उन्हाळ्यात मला इतक्या चावल्या की मोजणं सोडलं. मध काढून पहिला चमचा यांच्या तोंडात घातला आणि वाट बघत उभी राहिले. हे डोळे मिटून चाखत बसले. मग म्हणाले, "धुराचा वास लागलाय."

"मरमर मरायचं आणि वर हे ऐकायचं! द्या तो चमचा इकडे!"

दिला नाही. चाटूनपुसून स्वच्छ केला आणि दुसऱ्यांदा पुढे केला. "पण कच्चाय," म्हणाले, "एकदम कच्चा."

परवाचीच गोष्ट. सकाळी दव गोठून पांढरं पडलं होतं. अशा थंडीत पेट्या उघडायच्या नसतात, फळीला कान लावायचा आणि आतली गुणगुण ऐकायची. मी सगळ्यांना कान लावून आले. दाराशी डगला झटकून आत आले तर हे पलंगावर, मांडीवर मफलर, मफलरात बरणी, कुणा गिऱ्हाइकाला पातळ मध हवा होता.

"सगळ्या?" यांनी विचारलं.

"सगळ्या," म्हटलं. "कोपऱ्यातली जरा हळू बोलतेय, पण बोलतेय."

माझी बोटं लाकडासारखी झाली होती, टोपीची गाठ सुटत नव्हती. यांनी ते बघितलं. मांडीवरची बरणी उचलली आणि बाजूला ठेवली. अर्धी वितळलेली बरणी यांनी खाली ठेवलेली मी जन्मात पाहिली नव्हती. "हात आण," म्हणाले.

मी हात पुढे केले. यांनी ते दोन्ही तळव्यांत घेतले. चोळले नाहीत, हलवले नाहीत, नुसते धरून ठेवले. बोटांत हळूहळू मुंग्या यायला लागल्या.

"बरणी नाहीये मी," मी म्हटलं.

"माहितेय," हे म्हणाले. "बरणी एवढी बोलत नाही."

पण हात काही सोडले नाहीत.